जायफळ कुठलं?

जायफळ या शब्दाचे दोन तुकडे होतात, जाय आणि फळ. दोन्ही तुकडे वस्तूशी नीट जुळत नाहीत. जाय म्हणजे जाई, अंगणात मांडवावर चढवतात ती पांढऱ्या फुलांची वेल. जायफळाचं झाड जाईच्या कुळातलं नाही. ते वीस-तीस फुटांवर जाणारं, बारमाही हिरवं झाड आहे. आणि वाण्याकडून आपण आणतो ते फळही नाही. फळ पिवळसर, लहान पेरूएवढं असतं. पिकलं की मधोमध उकलतं. आत काळपट तपकिरी कवचाची बी असते आणि त्या कवचाला लालभडक जाळी बिलगलेली असते. ही जाळी सोडवून वाळवली की ती जायपत्री, आणि कवच फोडून काढलेला दाणा म्हणजे जायफळ. म्हणजे जायपत्री ही पत्री नाही आणि जायफळ हे फळ नाही.

नाव ठेवणाऱ्याने झाड पाहिलंच नसावं, असं हे वाचून कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटतं, आणि आजचा लेख त्यातूनच निघाला आहे.

संस्कृतात हा शब्द जातीफल असा आहे. जाती हे जाईच्या फुलाचं नाव. अमरकोशात जातीकोश आणि जातीफल हे एकाच वस्तूचे दोन शब्द म्हणून दिले आहेत. चरकसंहितेत तोंडाला सुवास यावा म्हणून चघळायच्या पदार्थांमध्ये लवंग, कंकोळ, वेलची, कापूर, विड्याचं पान यांच्या पंगतीत जायफळ बसलेलं आहे. आपला त्रयोदशगुणी विडा त्याच परंपरेतला. या यादीतल्या वस्तूंचं आपसात नातं एकच, सुवास. जायफळाला जाईचं नाव मिळालं तेही सुवासामुळेच असावं. ज्या लोकांच्या हातात फक्त वाळलेला, वास येणारा दाणा पडला, त्यांनी आपल्याला ठाऊक असलेल्या सुवासिक फुलाचं नाव त्याला दिलं.

पुढे प्राकृतात दोन स्वरांच्या मधला त गळाला. मातेची माय झाली, पादाचा पाय झाला, राजाचा राय झाला, तशी जातीची जाई झाली आणि जातीफलाचं जायफळ. शतकानुशतकं लोकांच्या तोंडात घोळल्याशिवाय शब्द असा मऊ होत नाही. गंमत म्हणजे संस्कृतात जन्म या अर्थाचा शब्दही जाति असाच आहे. तो मराठीत जात म्हणून राहिला, आणि त्यातला त काही गळला नाही. जाई मऊ झाली, जात टणकच राहिली.

आमच्या घरी जायफळाला जायफळच म्हणतात. आमचं घर मूळचं कोकणातलं, आता बरीच वर्षं कोलशेतला आहोत. ईदच्या शीरखुर्म्यात जायफळ पडतं, बिर्याणीच्या मसाल्यात जायफळ-जायपत्री दोन्ही पडतात. शेजारच्या घरात ते पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत आणि दुधाच्या कॉफीत पडतं. उर्दूतसुद्धा शब्द जायफलच आहे. अरबीत त्याला जौझ-अत्-तीब म्हणतात, म्हणजे सुवासाचा अक्रोड. फारसीकडून आलेलं जौझबुवा हे नाव युनानी हकिमांच्या नुस्ख्यांत सापडतं, आणि जायपत्रीला तिथे बिस्बासा म्हणतात. पण हकिमाचा कागद संपला की घरात आल्यावर ते पुन्हा जायफळ होतं. स्वयंपाकघरात धर्माप्रमाणे शब्द बदलत नाहीत.

आता एक प्रसंग सांगतो. मागे एका वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला, सत्तावीस फेब्रुवारीला, आमच्या भागातल्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे एका निवृत्त गृहस्थांनी सगळ्यांना एक कागद वाटला. परके शब्द एका बाजूला, त्यांच्यासाठी सुचवलेले मराठी शब्द दुसऱ्या बाजूला. परक्यांमध्ये मसाला होता. तळाशी खास आपले म्हणून जपायचे काही शब्द होते, त्यांत जायफळ होतं. माणूस सज्जन होता, आवाजात कुठे काटा नव्हता. निघताना माझ्याशी दोन शब्द बोलले, म्हणाले, ‘तुम्ही मराठी फार छान बोलता हो. मूळचे कुठले?’

हा प्रश्न मला आयुष्यात इतक्यांदा विचारला गेला आहे की उत्तर तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी कागदाकडे बघताना वाटलं, हाच प्रश्न एकदा जायफळाला विचारून बघावा.

तर जायफळ मूळचं कुठलं? इंडोनेशियाच्या पूर्वेला बांदा नावाचा लहानशा बेटांचा पुंजका आहे. नैरा, लोंथोर, आय, रन, रोझेंगाइन आणि एक ज्वालामुखीचा डोंगर, गुनुंग अपी. या बेटांची नावं आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही, पण अठराव्या शतकापर्यंत जगाच्या बाजारात येणारं जवळजवळ सगळं खरं जायफळ इथलं होतं. चरकाच्या यादीतलं जायफळ, बगदादच्या वैद्यांचं जायफळ, युरोपातल्या राजवाड्यांतलं जायफळ, सगळं या ज्वालामुखीच्या मातीतून आलेलं. कालिदासाने रघुवंशात लवंगेचा सुवास दूरच्या बेटांवरून येतो असं म्हटलं आहे. म्हणजे हे पदार्थ समुद्रापलीकडचे आहेत, याची जाण आपल्या जुन्या कवींना होती. झाड मात्र आपल्या इथल्या कुणाच्या दारात नव्हतं.

आणि बांदाचे लोक जायफळाला काय म्हणत? पाला. मलय, जावानीज या भाषांतही पालाच, आजच्या इंडोनेशियनमध्येही पालाच. हा शब्द संस्कृत फल या शब्दावरून गेलेला आहे. त्या भाषांत फ नव्हता, म्हणून फलचा पाला झाला. जायपत्री म्हणजे त्यांच्याकडे बुंगा पाला, पाल्याचं फूल. संस्कृतमधून त्या बाजूला असे कितीतरी शब्द गेले आहेत. भाषेला तिकडे बहासा म्हणतात, कापसाला कापास, साखरेला गुला, म्हणजे आपला गूळ. जायफळाचा शब्दही त्यातलाच. आपण सुवासावरून जाईचं फळ म्हटलं, त्यांनी नुसतं फळ म्हटलं. त्यांच्या बेटावर फळ म्हणजे तेच.

इथे जरा थांबून बघा. वस्तू त्यांची आणि शब्द इथला. झाड लावणाऱ्यांनी आपल्या झाडाला दूरच्या गिऱ्हाइकाच्या भाषेतलं नाव घेतलं. गिऱ्हाइकाने कधी न पाहिलेल्या झाडाला आपल्या अंगणातल्या वेलीचं नाव दिलं. दोघांच्या मधे व्यापारी होते, आणि त्या व्यापाऱ्यांत आपल्या किनाऱ्याची माणसंही होती.

कोलशेतच्या खाडीवर उभं राहिलं की समोर काल्हेर-कशेळीची गोदामं दिसतात. ही उल्हास नदी. कल्याणहून निघून वसईच्या खाडीतून समुद्रात जाणारी नाव हजार वर्षांपूर्वी असो की दोन हजार वर्षांपूर्वी, कोलशेतवरूनच जाणार, दुसरा रस्ता नाही. कल्याणचं बंदर ग्रीक भाषेतल्या पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या पुस्तकात कल्लिएना म्हणून येतं. ठाण्याला अल बिरुनी ताना म्हणतो आणि कोकणची राजधानी म्हणून त्याची नोंद करतो. शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात काही श्रेष्ठींच्या जहाजांना स्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुली म्हणजे चौल अशा बंदरांत जकात माफ केल्याचं कोरलेलं आहे. कोलशेत या नावात शेत आहे, आज इथे मनोरे आहेत आणि शेत शोधावं लागतं. पण खाडी आहे, आणि खाडी हा रस्ता होता.

या किनाऱ्यावर इसवी सन ९१६ च्या सुमारास अल मसूदी आला होता. चौलला, म्हणजे त्याच्या भाषेत सैमूरला, सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहिलं. बसरा, बगदाद, ओमान, सिराफकडून आलेले आणि इथेच जन्मलेले. इथे जन्मलेल्यांना त्याने बयासिरा हा वेगळा शब्द नोंदवला आहे. राजा होता झंझ शिलाहार. याच मसूदीने पूर्वेकडच्या बेटांच्या महाराजाच्या राज्यातून कापूर, लवंग, चंदन, जायफळ येतात असंही लिहून ठेवलं.

त्यानंतर दहा वर्षांनी, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा एक राष्ट्रकूट ताम्रपट आहे. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावी तो सापडला. संजाणचा कारभार पाहणारा मधुमती नावाचा अधिकारी त्यात येतो. हा ताजिक, म्हणजे अरब होता, आणि अभ्यासक मधुमती हे मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप मानतात. त्याने नदीवर फुकट नावा चालवल्या, वाटसरूंसाठी अन्नछत्र काढलं आणि एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठाला जमीन देण्याला हातभार लावला. कारकुनाने ताम्रपट लिहिताना त्याच्या नावाचं असं मधासारखं गोड संस्कृत केलं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. न पाहिलेल्या झाडाला जाई म्हणणारी आणि अरबाला मधुमती म्हणणारी ही एकच सवय आहे. जे दारात आलं त्याला आपल्या ओळखीच्या नावाने हाक मारायची.

आता इंग्रजी शब्द बघू, कारण त्यात आणखी एक वळण आहे. नटमेगमधलं नट म्हणजे कवचाचं फळ हे सरळ आहे. मेग हा जुन्या फ्रेंच शब्दाचा झिजलेला तुकडा. लॅटिनमध्ये जायफळाला नुक्स मुस्काता म्हणत, म्हणजे कस्तुरीच्या वासाचा अक्रोड. फ्रेंचमध्ये त्याचं नोआ मुस्काद झालं, त्याचीच दुसरी रूपं इंग्लंडात पोचली आणि चौदाव्या शतकातला कवी चॉसर त्याला नोटेम्यूग लिहितो. पोर्तुगीज नोझ मोस्कादा, इटालियन नोचे मोस्काता, जर्मन मुस्काटनुस, सगळ्यांत तीच कस्तुरी. ओमानच्या मस्कत शहराचा या शब्दाशी संबंध नाही, नावं सारखी वाटतात एवढंच.

मग मुस्क कुठला? लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून आला, ग्रीकमध्ये फारसी मुश्कवरून. आणि फारसी मुश्क बहुधा संस्कृत मुष्क या शब्दाचा भाऊ. मुष्क म्हणजे अंडकोश. कस्तुरीमृगाची ग्रंथी तशी दिसते म्हणून. म्हणजे लंडनच्या बाईने पुडिंगवर नटमेग किसताना उच्चारलेल्या शब्दाच्या पोटात फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, फारसी आणि सगळ्यात खाली संस्कृत आहे. अरबांनाही हा दाणा अक्रोडासारखा वाटला, लॅटिनवाल्यांनाही तसाच वाटला. झाड न पाहता नाव ठेवणारे एकटे आपणच नव्हतो.

जायफळाचे हे सगळे शब्द एका पुस्तकात शेजारी शेजारी बसले ते गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं जाणं-येणं होतं, आणि मुंबई बेट त्याच्याकडे पोर्तुगीज राजाकडून भाड्याने होतं. त्याने १५६३ मध्ये गोव्यात आपलं औषधींचं पुस्तक छापलं. त्यात जायफळावर एक अख्खं संभाषण आहे. बांदात त्याला पाला म्हणतात हे त्याने लिहिलं, अरबी नावं लिहिली, आणि दख्खनी लोकांचे शब्द म्हणून जायफळ-जायपत्रीची आजच्या मराठीला अगदी जवळची रूपं रोमन लिपीत नोंदवली. आपल्या बाजारातला शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीजाने कान देऊन ऐकला आणि छापला. ओर्ताचं घराणं मूळचं ज्यू, दडपणाखाली ख्रिस्ती झालेलं. तो मेल्यावर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. मूळचे कुठले, हा प्रश्न त्यांनी मेलेल्या माणसालाही सोडला नाही.

ओर्ताच्या आधी पन्नास वर्षं टोमे पिरेश नावाचा दुसरा पोर्तुगीज, हाही औषधं विकणारा, मलाक्क्यात राहत होता. मलाक्का म्हणजे आजच्या मलेशियातलं बंदर, पूर्वेकडच्या मसाल्यांची पेठ. १५१२ ते १५१५ च्या दरम्यान लिहिलेल्या आपल्या वृत्तांतात तिथे येणाऱ्या लोकांची त्याने लांबलचक यादी दिली आहे. कैरोचे, मक्केचे, एडनचे, होर्मुझचे, गुजराती, मलबारी आणि त्यांच्यातच चौलचे, दाभोळचे, गोव्याचे आणि दख्खनच्या राज्यातले लोक. म्हणजे रायगड-रत्नागिरीची माणसं त्या पेठेत होती. या पेठेतून कापड आणि तांदूळ बांदाकडे जात आणि जायफळ परत येई. बांदाच्या किनाऱ्यावरचे लोक तोवर मुसलमान झाले होते आणि ते होऊन फार दिवस झाले नव्हते, असंही पिरेश सांगतो. व्यापाऱ्यांच्या संगतीने धर्म गेला, त्याच संगतीने त्याच्याही आधी संस्कृत शब्द गेला होता. बांदाच्या माणसाने नवा धर्म घेतला म्हणून पाला हा शब्द टाकला नाही. टाकायचं कारणच काय?

मलाक्का पोर्तुगिजांच्या हातात दिली ती अफोन्सो द अल्बुकर्कने, १५११ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी त्याने गोवा घेतला होता. मलाक्का घेतल्यावर लगेच त्याने अँतोनियो द अब्रेऊला जहाजं देऊन जायफळाची बेटं शोधायला पाठवलं, आणि १५१२ मध्ये पोर्तुगीज बांदाला पोचले. हा अफोन्सो आपल्या घरात रोज असतो, निदान एप्रिल-मे महिन्यांत. हापूस हा शब्द त्याच्याच नावावरून आला असं मानतात. आंबा इथला, कलम बांधण्याची रीत पोर्तुगिजांनी रुजवलेली आणि नाव त्यांचं. रत्नागिरी-देवगडचा बागायतदार ज्या फळावर छाती फुगवतो त्याचं नाव परकं, आणि ज्या जायफळाला आपण संस्कृत समजून जपतो ते झाड परकं. त्या कागदावर हापूस कुठल्या बाजूला लिहिणार?

मसाल्याचंही तसंच. मसाला अरबी मसालिहवरून आला. मसालिह म्हणजे हिताच्या, एखादी गोष्ट नीट करणाऱ्या वस्तू. त्याच धातूवरून आलेला दुसरा शब्द आपण रोज वापरतो, सल्ला. भाषेत नवे शब्द घडवायला माझी ना नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, त्याला कारभाराची गरज होती. भाषाशुद्धीच्या चळवळीने दिलेले दिनांक आणि महापौर मी विनातक्रार लिहितो. चांगला शब्द कुणीही द्यावा. पण गोडा मसाला परका आणि त्यातलं जायफळ आपलं असं म्हणायचं असेल, तर निवाडा शब्दावरून करायचा की वस्तूवरून, हे आधी ठरवायला हवं. शब्दावरून केला तर हापूस जातो. वस्तूवरून केला तर जायफळ जातं, शिवाय लवंग जाते, मिरची जाते, बटाटा जातो, आणि उपवासाला साबुदाणाही राहत नाही.

हा वाद नुसता शब्दांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मूळ कुठलं आणि मालक कोण, हे एकदा कुणी बळाने ठरवायला बसलं की काय होतं, ते जायफळाच्या बेटांनी पाहिलं आहे. बांदाचे लोक ज्याला हवं त्याला जायफळ विकत. डच ईस्ट इंडिया कंपनीला ते फक्त आपल्यालाच विकलेलं हवं होतं. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून फौज घेऊन उतरला. ८ मे रोजी बांदाच्या चव्वेचाळीस पुढाऱ्यांची कत्तल झाली. बेटांवर सुमारे पंधरा हजार लोक होते असा अंदाज आहे, त्यातले एक हजारसुद्धा मागे उरले नाहीत. काही मारले गेले, काही उपासमारीने मेले, काही गुलाम म्हणून बटाव्हियाला नेले. मग जमिनीचे तुकडे पाडून ते डच बागायतदारांना दिले आणि राबायला दुसरीकडून गुलाम आणले. रन बेटावर इंग्रजांचा हक्क होता. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी तो सोडला आणि न्यूयॉर्क त्यांच्याकडे राहिलं. पुढच्याच वर्षी, १६६८ मध्ये, इंग्रज राजाने मुंबई बेट आपल्या कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिलं. बेटं अशी कागदावर इकडून तिकडे जात होती.

बांदाचे जे थोडे लोक होड्यांतून निसटले ते पूर्वेला केई बेटांवर गेले. तिथे बांदा एली आणि बांदा एलात नावाची त्यांची गावं आहेत, आणि बांदाची जुनी भाषा आज बोलली जाते ती तिथेच. ज्या बेटांचं नाव त्या भाषेला आहे, त्या बेटांवर ती उरली नाही. झाडं जागेवर राहिली, माणसं आणि भाषा उखडली गेली.

पुढे कंपनीची मक्तेदारीही टिकली नाही. १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने रोपं चोरून मॉरिशसला पोचवली. इंग्रजांनी बांदा ताब्यात असताना रोपं सिलोन, पेनांगकडे नेली. एकोणिसाव्या शतकात ते ग्रेनाडाला पोचलं आणि १९७४ मध्ये तो देश स्वतंत्र झाला तेव्हा जायफळ त्याच्या झेंड्यावर चढलं. तिथे कुणी म्हणत नाही की हे आपलं नाही.

आपल्याकडेही आता ते खरोखर रुजलं आहे. देशातलं बहुतेक जायफळ केरळात पिकतं, पण कोकणातही बागा आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती अशा जाती काढल्या. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची लाखीबाग उभी केली. जायफळाची एक अडचण अशी की नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बीपासून वाढवलेलं रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. म्हणून कलमं बांधतात. कोकण संयुक्ता या जातीत तर दोन्ही फुलं एकाच झाडावर येतात.

आणि शोधत गेलं तर जायफळाचे भाऊबंद सह्याद्रीत आधीपासूनच होते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई आहे, राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं आहे. सह्याद्रीतल्याच दुसऱ्या एका रानजायफळाची पत्री आपण रामपत्री म्हणून मसाल्यात घालतो. जागतिक बाजारात तिचं नाव बॉम्बे मेस, मुंबईची जायपत्री. मुंबईत ती उगवत नाही, मुंबईच्या बंदरातून ती जात असे. शब्द पुष्कळदा वस्तू कुठे उगवली ते सांगत नाही, ती कुठून हातात आली ते सांगतो.

आज कोलशेत रस्त्यावरच्या वाण्याकडे सुटं जायफळ मागितलं, तर तो बरणीतून एक काढून कानाशी हलवून बघतो. कवचात दाणा खुळखुळला तर चांगला वाळलेला. ते केरळचं असेल, कोकणचं असेल, इंडोनेशियाचंही असेल. तो विचारत नाही, आपणही विचारत नाही. त्याच बरणीशेजारी मायफळ असतं. हिंदीत त्याला माजूफल म्हणतात, आणि माजू हा फारसी शब्द. तेही फळ नाही. इराण-तुर्कस्तानकडच्या ओक झाडावर एक बारीक कीटक अंडी घालतो, तिथे झाडाला जी गाठ येते ती मायफळ. एक पूर्वेच्या समुद्रावरून आलं, दुसरं पश्चिमेच्या डोंगरांतून. बाळगुटीच्या पुडीत मात्र दोघांची जोडी लागते, जायफळ-मायफळ. या भागातल्या अनेक घरांत, आमच्याही, न्हाऊन आलेल्या बाळासाठी कुणीतरी म्हातारी सहाण घेऊन बसायची. हळकुंडाचे दोन वेढे, मायफळाचा एक, जायफळाचा अर्धाच, कारण त्याने झोप येते. आईच्या दुधात कालवून ते बोटाने बाळाच्या जिभेला लावायचं.